आमची वाटचाल : रेझिन, खडेमीठ आणि एक टीडीएस मीटर

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "फिल्टर बघायचाय." मी विचारतो, तक्रार काय? मग कळतं की गीझरची कॉइल वर्षात दोनदा गेली, शॉवरची भोकं बुजली, साबणाला फेस येत नाही, केस गळतात. केसांचं मी काही सांगू शकत नाही. बाकीचा सगळा हार्डनेसचा, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा उद्योग, आणि त्याला फिल्टर नाही, ते काढून घेणारा सॉफ्टनर लागतो. हे मी 2006 पासून सांगतोय.

अर्थात 2006 मध्ये मला स्वतःलाही ते नीट कळत नव्हतं. वाघोलीच्या एका काकूंना मी आरओ, म्हणजे प्यायच्या पाण्यातले क्षार काढणारं मशीन, विकला होता. बोअरचं पाणी, काळ्या खडकातलं. चार महिन्यांनी काकू आल्या आणि पिशवीतून गीझरची कॉइल काढून काउंटरवर ठेवली. बोटभर जाड पांढरं कवच चढलेलं. "फिल्टर बसवला ना तुम्ही? मग हे काय?" आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. आरओ सिंकखाली, प्यायच्या नळाला. गीझरला पाणी जातं गच्चीवरच्या टाकीतून. त्याच्याशी आरओचा काय संबंध?

अण्णा तेव्हा नुकतेच भागीदार म्हणून आले होते. पिंपरीच्या एका कारखान्यात बॉयलर हाऊसमध्ये हयात गेलेली. कॉइल हातात घेऊन म्हणाले, "बॉयलरला असं होऊ दिलं असतं तर आमची नोकरी गेली असती." त्यांनी काकूंच्या गच्चीवर 25 लिटर रेझिनचा, म्हणजे हार्डनेस धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा, सॉफ्टनर बसवला. रेझिन ओतताना मधल्या पाइपच्या तोंडाला चिकटपट्टी लावायची, नाहीतर मणी पाइपात जातात आणि मग घरभर नळांतून राजगिरा येतो, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि सांडलेल्या रेझिनवरून चालायचं नाही, हेही. काकूंकडून मजुरी घेतली नाही. त्यांनी पुढे अकरा गिऱ्हाइकं पाठवली. ती कॉइल अजून आमच्या काचेच्या कपाटात आहे.

मधली वर्षं बरी गेली. छोटा हत्ती घेतला, दोन पोरं कामाला ठेवली. सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते 2017 चं. 80 फ्लॅटची सोसायटी, निम्मं बोअर, निम्मं टँकर, हार्डनेस लिटरला 480 मिलिग्रॅम. चारशे लिटर रेझिन, म्हणजे 25 लिटरच्या सोळा गोण्या. त्यातल्या निम्म्या उधारीवर उचललेल्या. पंधरा दिवस खपून उभं केलं. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हवर, म्हणजे पाण्याची वाट बदलायच्या मुठीवर, बॅकवॉश (उलटी धुलाई), मीठ (रेझिन पुन्हा ताजं करायला), रिन्स (खंगाळणं) सगळं मराठीत रंगवून दिलं, वॉचमनला शिकवलं. उरलेले 1,90,000 रुपये मीटिंगनंतर मिळणार होते.

मीटिंगला एक जण आधीच बसलेला. नाव घेत नाही. त्यानं खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला, पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा. सॉफ्टनरच्या आधीचं पाणी 870. नंतरचं 885. "बघा, मशीननं पाणी आणखी खराब केलं." मग दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या आरओचं. दोन्हींत सळ्यांचं यंत्र बुडवून करंट सोडला. नळाचा ग्लास गटारासारखा झाला, आरओचा स्वच्छ राहिला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

अहो, ती घाण पाण्यातली नव्हतीच. लोखंडाची सळई विरघळत होती. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून करंट वाहत नाही आणि सळई झिजत नाही. आणि सॉफ्टनरनं टीडीएस कमी होणारच नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. वजनात थोडं वाढतंच. अण्णांनी हार्डनेस तपासायचं किट काढलं, लाल म्हणजे हार्ड, निळं म्हणजे सॉफ्ट; अमोनियाच्या वासानं पहिली रांग मागे सरकली. बोअरचं पाणी कोकम सरबतासारखं लाल झालं, सॉफ्टनरचं इंडिकेटर टाकताच निळं. कोणी बघितलंच नाही. त्याच्याकडे आकडा होता, आमच्याकडे नुसता रंग.

पैसे अडकले. रेझिनवाला दारात. छोटा हत्ती विकला, पोरांना हात जोडून सांगितलं. अण्णांनी आठ महिने वाटा घेतला नाही. त्या माणसानं तिथे घरोघर आरओ लावले.

आता विषय निघालाच आहे तर. खडकवासल्याचं नळाचं पाणी येत असेल तर सॉफ्टनर नको आणि आरओही नको, यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा दिवा, पुरतो. टीडीएस 500 च्या खाली असेल तर आरओ नकोच, हे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही म्हटलं. बोअर असेल तर टीडीएस नाही, आधी हार्डनेस तपासा. 200 पर्यंत ठीक. वर गेला तर घराला सॉफ्टनर आणि प्यायला त्याच्या पुढे आरओ, दोन्ही. सॉफ्टनरचं पाणी तसंच प्यायचं नाही, विशेषतः घरात बीपीचं माणूस असेल तर. दर 100 हार्डनेसमागे लिटरला 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. तुळशीला घालू नका. मीठ खड्याचं घ्या. बोअरला लोह असेल तर रेझिनआधी आयर्न फिल्टर लावा, नाहीतर वर्षात रेझिन विटकरी होतं. आणि सळ्या घेऊन येणाऱ्याला त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा करंट सोडायला सांगा.

गेल्या दिवाळीनंतर त्याच सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींचा फोन आला. घरोघरचे मेम्ब्रेन, म्हणजे आरओतले गाळायचे पडदे, सहा महिन्यांत चोक होतायत. होणारच, हार्ड पाणी थेट आरओला दिलं की दुसरं काय होणार? जाऊन बघितलं. सॉफ्टनर पहिल्या वर्षापासून बायपासवर. टाकी कोरडी, रेझिन वाळून खडखडीत. मिठाच्या टाकीत खराटे आणि एक फुटका क्रिकेटचा स्टंप. व्हॉल्व्हवर मी रंगवलेली अक्षरं मात्र शाबूत.

कोटेशन दिलंय. पहिली ओळ : जुनी बाकी, 1,90,000. अजून उत्तर आलेलं नाही.