भिंत उभी राहिली, पण पाणी कोण मारणार?

श्रमदान शिबिराचे फोटो बघितले असतीलच, हातात घमेली घेऊन एका रांगेत उभी पोरं आणि मागे अर्धवट भिंत. मी बरीच वर्षं अशा शिबिरांना पोरापोरींना घेऊन जातोय त्यामुळे फोटोंना नावं ठेवणार नाही, पण त्यात कधीच न दिसणारं एक काम आहे आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. भिंतीला पाणी मारणं.

म्हणजे बघा, शिबिर साधारण आठवडाभराचं. सुरुवात ओळखी आणि खोदकामात जाते, मग विटकाम, आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत वरचे थर चढवून सगळे टाळ्या वाजवत बसमध्ये. आता सिमेंट वाळून घट्ट होतं असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये, पाण्याबरोबर त्याची रासायनिक क्रिया होते म्हणून ते घट्ट होतं आणि ती क्रिया कितीतरी दिवस चालू असते. म्हणून भिंत निदान 7 दिवस ओली ठेवायची, फ्लाय ॲशवालं (कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर 10 दिवस धरा. मधेच कोरडी पडली तर सांधे भुसभुशीत राहतात, नखाने खरवडलं तरी वाळू हातात येते. थोडक्यात काय तर आपण निघतो तेव्हाच भिंतीचं खरं काम सुरू झालेलं असतं!! आणि ते पडतं कुणाच्या गळ्यात, तर ज्या बायका आधीच लांबून पाणी आणत असतात त्यांच्या.

दुसरं म्हणजे थापी सगळ्यांनाच हवी असते. विटा भिजवायला, वाळू चाळायला कुणी पुढे येत नाही. पण कोरडी वीट मालातलं (म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी शोषून घेते आणि मग ती नीट धरतच नाही, त्यामुळे विटा भिजवणारा पोरगा थापीवाल्याइतकाच महत्त्वाचा. एकदा गावातले गवंडीकाका शांतपणे बघत उभे होते, पोरांनी खालच्या सांध्यावर बरोब्बर वरचा सांधा आणला होता (असं केलं की भिंत त्याच रेषेत तडकायला मोकळी). काका काहीच बोलले नाहीत. पोरं जेवायला गेल्यावर ओळंबा (भिंत सरळ आहे का ते बघायची वजनवाली दोरी) सोडून बघितला, वरचे थर उतरवले, माल खरवडला आणि सांधमोड करून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, परत रचले. एकाच कामाची मेहनत दोनदा, आणि श्रेय आपलं. तेव्हापासून मी सरळ सांगतो, रचणार गवंडी, आपण त्यांच्या हाताखाली. कुणाचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

ही शिबिरांची कल्पना तशी जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर 1920 साली पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनियर वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एस्न गावात घरं उभारायला गेला, त्यात जर्मनही होते. हेतू उत्तमच, पण ज्यांची घरं युद्धात गेली त्यांच्यातल्या काहींना जर्मन नको होते आणि काही महिन्यांत मंडळींना काम सोडून निघावं लागलं. मला ही गोष्ट भारी वाटते कारण शंभर वर्षांनंतरही आपण गावाला काय हवंय ते विचारण्याआधी टी-शर्ट छापून मोकळे होतो. सेरेसोल मात्र थांबला नाही, 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्येही गावं परत बांधायला आला.

तर आता आम्ही विटकाम शिबिराच्या पहिल्या अर्ध्यात उरकतो, बाकीच्या दिवसांत पाणी मारणं, साफसफाई आणि पडेल ते. गोणपाट भिंतीवर टाकून भिजवलं की पाणीही कमी लागतं. बाकी सगळे परत गेले तरी दोघं-तिघं मागे थांबतात आणि त्यांची नावं निघायच्या आधीच ठरवून घेतो. कोण थांबणार विचारलं की आधी एकदम शांतता, मग मागून हमखास एक आवाज येतो, "सर, तिथे रेंज असते का?"