नवगावकर की नागावकर

मोडी वाचणाऱ्याकडं येणारी कामं सध्या ठरलेली आहेत. जातपडताळणीसाठी कुणबी नोंद शोधा, हिश्शाच्या भांडणात पणजोबाचं खरेदीखत वाचा, देवस्थानाची सनद बघा. कागद टेबलावर येण्याआधीच त्यातून काय निघायला हवं हे समोरच्याचं ठरलेलं असतं. त्यामुळे अलिबागच्या इस्राएल आळीतले एक परिचित म्हणाले, "आमचे नातेवाईक आलेत इस्राएलहून, त्यांना आडनावाचं विचारायचंय," तेव्हा बरं वाटलं. आडनावावरून कुणाची वाडी जाणार नव्हती. पण जमिनीच्या कुठल्याही दाव्यानं डोक्यात इतकं घर केलेलं नाही, जितकं या कामानं केलं.

घर एकच, शाखा दोन. एक अश्दोदला, दुसरी लोदला. मुंबईहून गेलेल्या दोन सख्ख्या भावांची ही लेकरं-नातवंडं. एका शाखेच्या ओळखपत्रावर आडनाव नवगावकर, दुसऱ्यांच्या ओळखपत्रावर नागावकर. हिब्रूत हा फरक जवळपास एका अक्षराचा. 'वाव' हे अक्षर व, ओ आणि ऊ या तिन्हींची कामं करतं. ते 'नून'नंतर घातलं तर एक आडनाव, नाही घातलं तर दुसरं. तिथल्या कारकुनानं कानाला जे पडलं ते लिहिलं. मुंबईच्या रोमन कागदांत तर तेच नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं होतं. आता आजोबांच्या नावाचा दगड नव्यानं बसवायचा होता आणि त्यावर एकच आडनाव हवं होतं.

बाहेरच्यांना हे कदाचित ठाऊक नसेल. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, आडनावं आपल्या कोकणातल्या गावांवरून आलेली आहेत: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर. शंभरावर अशी आडनावं आहेत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, ही त्यांची परंपरा. पुढं घाणा चालवायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. सोमवार पाळणारे ते सोमवार तेली. पण सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, माणसाला हाक मारतात ती अमक्याचा मुलगा अमका अशी. पलटणीच्या पटावरही स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच. त्यामुळे कोकणी आडनाव घरात राहिलं आणि कागदावर बापाचं किंवा आजोबाचं नाव आडनाव होऊन बसलं. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर असलेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर. आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पण पाटीवर राजपूरकर नाही. सिनेमातला डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे सांगितल्यावर चौलचीही माणसं आश्चर्य करतात. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या गावांनी नाव दिलं, त्यांनाच ते ठाऊक नाही.

पाहुण्यांबरोबर आलेल्या मावशी ऐंशी ओलांडलेल्या, जन्म मुंबईच्या उमरखाडीचा. साठ-पासष्ट वर्षं इस्राएलात काढूनही मराठी अशी की ऐकत राहावी. बसल्या बसल्या म्हणाल्या, "बाळा, आधी वाच, मग चहा." पिशवीतून त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला कागद काढला. जाड हातकागद, आठ घड्या घालून ठेवलेला, एका घडीवर फाटलेला, आणि सुदैवानं कुणी त्याला चिकटपट्टी लावलेली नव्हती. (लोक प्रेमानं चिकटपट्टी लावतात आणि दहा वर्षांनी शाई तिच्याबरोबर निघून येते. हे मी भेटेल त्याला सांगत असतो.)

कागद घाण्याच्या जागेच्या खरेदीखताचा होता. साल जुन्या मराठी दप्तरांतल्या अरबी आकड्यांच्या गणनेतलं: सुहूर सन खमस अशर मयातैन व अलफ, म्हणजे १२१५, म्हणजे इसवी सन १८१४-१५. कुलाब्यात तेव्हा आंग्र्यांचा अंमल. घेणारा 'अबाजी बिन हसाजी शनवार तेली'. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, अबाजी म्हणजे अब्राहम, हसाजी म्हणजे एझेकील. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझेकील दिवेकर हेसुद्धा मराठीत सामाजी हसाजीच होते. इथपर्यंत अडचण नव्हती. त्यापुढं 'उपनाम' आणि एक शब्द. मग 'वस्ती मौजे' आणि पुन्हा जवळपास तसाच दिसणारा शब्द, 'तर्फ अष्टागर'. अष्टागर म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यावरच्या बागायती गावांचा पट्टा.

मोडीत आधी पूर्ण ओळ आखतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. काना खालून वळून पुन्हा वर ओळीला भिडतो, आणि घाईतला 'व' तसाच वळसा घेऊन वर जातो. म्हणजे 'नाग' आणि 'नवग' यांत एका वळशाचं पोट किती फुगलंय एवढाच फरक. अशा जागी अंदाज करायचा नसतो. आधी त्या लिहिणाऱ्याची बाराखडी तयार करायची. ज्या शब्दांबद्दल शंकाच नाही असे शब्द त्याच कागदात शोधायचे आणि त्याचा हात शिकून घ्यायचा. मला दोन सापडले. चतुःसीमेत 'नारळीची झाडे' होती, तिथं 'ना' पक्का. वर्णनात 'नवा घाणा' होता, तिथं 'नव' पक्का. भिंगाखाली चारही जागांचे फोटो एकाच प्रमाणात मोठे करून शेजारी लावले. 'ना'चा काना बारीक, सरळ वर गेलेला. 'व'चं पोट भरलेलं, आणि वर जाताना बोरू किंचित दाबलेला, त्यामुळे तिथं शाई जास्त धरलेली.

उपनामातला शब्द 'नवा घाणा'सारखा होता. वस्तीतला 'नारळी'सारखा.

म्हणजे माणूस नवगावकर आणि राहणार नागावचा. चतुःसीमेनंही तेच सांगितलं. उत्तरेस आक्षीची वाट असं त्यात आहे. आक्षी नागावच्या उत्तरेला लागून. नवगाव अलिबागच्या पलीकडं, थळ-किहीमच्या बाजूला. नवगावच्या जागेला आक्षी उत्तरेस येऊच शकत नाही. खाली अबाजीची सही नाही, निशाणी आहे: एक उभी रेघ, टोकाशी अणकुची. तेल्याची पहार.

मी मावशींना म्हटलं, "मावशी, दोघंही बरोबर आहात." नवगाव सोडून नागावात घाणा घातला तेव्हा गावानं त्यांना नवगावकर म्हटलं. नवगावात राहिले असते तर कुणी तसं म्हणालं नसतं. पुढं कधीतरी नागाव सोडून मुंबई गाठली, तेव्हा एका भावाच्या घरात जुनं आडनाव टिकलं आणि दुसऱ्याच्या घरात नवं चिकटलं. शेवटचा भाग माझा तर्क आहे, तोही मी तर्क म्हणूनच लिहून दिला.

मावशी कागदाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही हवेतनं नाही आलो." मग बोलायला लागल्या. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी आदेश काढला होता: आईकडची वंशावळ शक्य तितकी मागं तपासा. समाजानं मोर्चे काढले, ठाण मांडून बसले, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत. मावशींचं लग्न त्याच मधल्या काळातलं. आजीचं नाव विचारलं, मग आजीच्या आईचं, मग तिच्या आईचं. "मला माहीत होतं ते सांगितलं. पुढं म्हटलं, किहीमला जा नि विचारा." त्यांच्या आवाजातला राग साठ वर्षांत जराही निवलेला नव्हता, आणि निवावा असं मलाही वाटलं नाही. अब्राहम आणि एझेकील ही नावं मराठी ढंगात फिरवून, शनिवारी घाणा बंद ठेवून जी माणसं इतकी शतकं राहिली, त्यांना पुरावा मागणं मला अन्यायाचंच वाटतं.

खटका उडाला तो नंतर. पाहुण्यांतला एक पुतण्या दुसऱ्या दिवशी एकटाच आला. अतिशय नम्र मुलगा. म्हणाला, दाखल्यात फक्त नवगाव लिहाल का? नवगाव म्हणजे गलबत, पूर्वज, जुनी दफनभूमी. तिथं सगळे जातात. नागाव म्हणजे आता रिसॉर्ट आणि पर्यटक. दगडावर दोन गावं कशी लिहायची? मी नाही म्हटलं. कागदात जे आहे ते सगळं लिहिणार, त्यातलं अर्धं पुसून देणार नाही. तो रागावला नाही, 'थँक्यू सर' म्हणाला आणि गेला. आठवड्याभरात कळलं, दुसऱ्या एका मोडी वाचकाकडून त्याला हवा तसा दाखला मिळाला, दोन्ही ठिकाणी 'नवगाव' लिहिलेला, शिक्क्यासकट. त्या वाचकानं मूळ कागद पाहिलाच नव्हता. मोबाइलवर काढलेला फोटो पाहून लिहिलं. कुणबी नोंदींच्या धावपळीत दहा दिवसांच्या वर्गातून असे किती वाचक तयार झाले कोण जाणे. पानामागं पैसे, म्हणून पानं भराभर उरकायची. शंकास्पद अक्षराखाली रेघ मारून 'संदिग्ध' लिहायची साधी शिस्तही नाही. आणि दाखला घेणाऱ्या कचेऱ्यांना शिक्का दिसला की पुरतं.

त्या दाखल्यानं कुणाचं काही बुडालं नाही, हे मलाही कळतं. तरी नागावच्या कुठल्याशा वाडीत, आक्षीच्या वाटेकडेला, अबाजीनं पैसे मोजून जागा घेतली होती, नवा घाणा घातला होता, आणि खताखाली पहार काढली होती. तो तिथं राहिला हे सांगणारा माझ्या माहितीतला तेवढाच एक कागद आहे. वंशजांच्या दाखल्यात तो आता नागावात नाही.

मावशींना मी माझं लिप्यंतर, चारही अक्षरांचे मोठे केलेले फोटो आणि खाली सही असं सगळं पाठवलं. त्यांचा फोन आला. दगडाचं अजून ठरलेलं नाही, दोन्ही घरांत बोलणी चालू आहेत. मी मात्र पुण्याच्या पेशवे दप्तरात अष्टागराकडचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मागवणार आहे. तेलघाण्यांवर मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, बसायचा, आणि कर बसला की नाव लिहिलं जायचंच. नागावच्या एखाद्या यादीत अबाजी किंवा त्याचा मुलगा सापडला, तर नागावकर हे नाव कुठल्या पिढीत लागलं तेही कळेल.