हात मागे बांधून

गुरुवार, रात्री साडेअकरा, हाम्बुर्ग

किल्लीशिवाय कुलूप उघडायचा छंद असलेल्या आमच्या गुरुवारच्या गटात आज एकदम तीन नवे आले. एरवी दोन-तीन महिन्यांत एखादं माणूस येतं आणि जुन्यांपैकी कुणीतरी त्याला जवळ बसवून घेतं. आज जुने उशिरा पोचले, टेबलाशी मी एकटी होते, म्हणून नवख्यांना शिकवायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलं. घरी येऊन तास झाला, पण डोकं अजून त्या टेबलाशीच आहे.

एक चाळिशीच्या नर्सबाई. एक शाळकरी मुलगी आणि सोबत तिची आई. तिसरा आपला नाशिकचा मुलगा, इथे एम.एस. करतोय. माझं आडनाव ऐकलं आणि लगेच म्हणाला, "ताई, तुम्ही इथे कशा?"

मी इथे कशी, तर नर्सबाई आल्या तशीच. इथल्या घरांच्या दाराला बाहेरून मूठ असते, पण ती फिरत नाही. दार नुसतं ओढलं गेलं तरी तुम्ही बाहेर. तीन हिवाळ्यांपूर्वी मी कचरा टाकायला खाली उतरले आणि मागे दार मिटलं. दार उघडून देणारा माणूस आला, दोन मिनिटांत पत्र्यासारखी एक पट्टी फटीतून सरकवून त्यानं ते उघडलं आणि माझा आठवड्याचा किराणा येईल एवढे पैसे घेऊन गेला. पैशांचा राग महिनाभर होता. पण खरा धक्का वेगळाच होता. ज्या दाराच्या भरवशावर मी रोज निवांत झोपत होते, त्याच्याबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. नर्सबाईंनी आज जवळजवळ हेच शब्द वापरले, तेव्हा मला त्यांचा हात धरावासा वाटला.

नवं माणूस आलं की आधी दोन नियम सांगायचे असतात. जे कुलूप आपलं नाही, त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आणि जे कुलूप वापरात आहे ते आपलं असलं तरी त्यावर सराव करायचा नाही, कारण आत काही मोडलं तर दार कायमचं अडकतं. नियम एवढेच. पण ते कसे सांगितले जातात यावर मला फार बोलायचंय. मी नवी असताना आमच्यातल्या एकानं एका मुलाला "तुला हे कशासाठी शिकायचंय?" असं तीन-तीनदा विचारलं होतं, चौकीत विचारतात तसं. तो मुलगा पुन्हा दिसला नाही. आई विळी हातात देताना "पात्याकडे बघ गं" म्हणते ना, नियम तशा सुरात सांगावेत. संशय नको, काळजी असावी. आज मी तसंच करायचा प्रयत्न केला. जमलं की नाही ते तिघं पुढच्या गुरुवारी येतात का, त्यावरून कळेल.

मुलीच्या आईनं मात्र सरळ विचारलं, "यातून चोरांना शिकवल्यासारखं नाही का होत?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना हॉब्जची गोष्ट सांगितली. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला होता. तिथल्याच पिकॅडिली भागात ब्रामा या कुलूपकारांच्या दुकानात एक कुलूप साठ वर्षं मांडून ठेवलं होतं, उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी (जुनं इंग्रजी चलन) बक्षीस. हॉब्जनं ते उघडलं, सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले. त्याच सुमारास त्यानं चब यांचं नावाजलेलं कुलूपही उघडलं. लंडनमध्ये गहजब झाला, आणि लोकांनी हॉब्जलाही याच बाईंसारखं विचारलं. त्याचं म्हणणं असं की चोरांना त्यांचा धंदा आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. कुलपातला दोष लपवला तर अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. बाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली नाही, पण मुलीशेजारची खुर्ची ओढून बसल्या. मला तेवढं पुरे होतं.

याच शहरात १९९७ साली या छंदाची रीतसर संघटना उभी राहिली, 'झ्पोर्ट्सफ्रॉइंडे डेर श्पेर्टेक्निक', म्हणजे कुलूपतंत्राचे क्रीडामित्र. नावातच क्रीडा आहे. स्पर्धा असतात, घड्याळ लावून कुलपं उघडतात. हे सांगितल्यावर शाळकरी मुलीचे डोळे चमकले.

मग प्रत्यक्ष काम. सिलिंडरच्या, म्हणजे किल्ली जाते त्या नळीसारख्या भागाच्या, आत एक फिरणारा गाभा, त्यात ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात पिनांची एकावर एक जोडी आणि वर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांमधल्या फटी एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. भोकं कितीही काळजीनं पाडली तरी केसभर मागेपुढे होतातच. गाभ्याला हलका पीळ दिला की त्यामुळे एक पिन बाकीच्यांच्या आधी अडकते. ती शोधायची, उचलायची, ती बसली की पुढची शोधायची. सगळा छंद त्या केसभर चुकीवर उभा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती, इतकं ते सुंदर वाटलं होतं.

आतलं दिसावं म्हणून पारदर्शक कुलपं मिळतात. पहिल्या दहा मिनिटांनंतर मी ती काढून घेते. डोळ्यांनी बघायची सवय लागली की बोटं ऐकेनाशी होतात. त्यापेक्षा साधं पितळी कुलूप बरं, आत एकच पिन ठेवलेलं, मग दोन, मग तीन.

नाशिकच्या मुलाचा हात जड. सगळ्यांचाच असतो. पीळ देणाऱ्या वाकड्या पट्टीला इथे श्पानर म्हणतात, तो तिच्यावर असा जोर देत होता की नखं पांढरी पडली होती. मी म्हटलं, "हलकं धर. अजून हलकं. डोळ्याच्या पापणीवर बोट ठेवतोस तेवढंच." तिसरी पिन त्याच्या हातून निसटली, चौथ्यांदा निसटली. माझी बोटं शिवशिवत होती. ते कुलूप त्याच्या हातातून घेऊन "हे बघ, असं" म्हणणं किती सोपं होतं! दहा सेकंदांचं काम.

मला शिकवणारे आजोबा (रेल्वे चालवून निवृत्त झालेले) माझ्या शेजारी उभे राहत तेव्हा हात पाठीमागे बांधून उभे राहत. मला वाटायचं, त्यांची उभं राहायची पद्धतच ती. "वेनिगर श्पानुंग," पीळ कमी कर, एवढंच म्हणायचे. सहा गुरुवार मला एक कुलूप उघडलं नाही आणि त्या सहा गुरुवारांत त्यांनी एकदाही ते हातात घेतलं नाही. आज मला कळलं, ते हात बांधून का ठेवत होते. मीही उठून उभी राहिले आणि हात मागे घेतले.

नर्सबाईंचं उघडलं. आवाज इतका बारीक की त्यांना स्वतःला कळलाच नाही, गाभा फिरल्यावर दचकल्या. मग कुणाला काही न सांगता त्यांनी ते परत बंद केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी मी पिशवीतून बाबांचं कुलूप काढलं. साताऱ्याच्या दुकानाच्या शटरला होतं ते, '७ लीव्हर' असं ठसठशीत कोरलेलं. दुकान बंद झालं तेव्हा बाबांनी मला दिलं. इथल्या मंडळींचा हात पिनांवर बसलेला, त्यांना आपल्याकडची ही लिव्हरची, म्हणजे आत पिनांऐवजी चपट्या पट्ट्या असलेली, कुलपं नवलाची वाटतात. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर यावी लागते, कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. नाशिकच्या मुलानं ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या गोठ्याला असंच आहे."

जाताना त्यानं विचारलं, कुलूप उघडायची ही हत्यारं दिवाळीला घरी नेऊ का, आजोबांना दाखवायला. मी नको म्हटलं. जर्मनीत ती बाळगायला कुणाची हरकत नाही, पण महाराष्ट्र पोलीस कायद्यात रात्रीच्या वेळी सबळ कारणाशिवाय घरफोडीचं साहित्य जवळ सापडणं हा गुन्हा आहे, आणि स्टँडवर मध्यरात्री उतरून हवालदाराला क्रीडामित्र समजावत बसायची वेळ त्याच्यावर येऊ नये. सरावाचं कुलूप ने, म्हटलं. उघडून, पिना डबीत घालून आजोबांना दाखव, तेही बघतील.

शनिवार, सकाळ

काल रात्री त्याचा निरोप आला. दोन पिनांचं उघडलं, तीनचं नाही. "ताई, तिसरीला नक्की काय करायचं ते लिहून पाठवता का?"

उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं, पीळ कमी कर. पुढच्या गुरुवारसाठी चार पिनांचं एक कुलूप त्याच्या नावानं बाजूला काढून ठेवलंय.