प्रशिक्षण पूर्ण, प्रमाणपत्र अमान्य : माझा अनुभव

वर्गात तंत्रज्ञानाचा वापर कसा करावा याचे प्रशिक्षण मी रीतसर पूर्ण केले आणि त्याचा माझ्या मुलांना उपयोगही झाला. मात्र त्याची नोंद सेवापुस्तकात, म्हणजे माझ्या नोकरीच्या नोंदवहीत, व्हावी एवढ्यासाठी तालुक्याच्या कार्यालयात जे हेलपाटे घालावे लागले, ते आठवले की आजही संताप येतो. माझ्यासारख्या अनेक शिक्षिका याच ठिकाणी अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडील टोकाला कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, माझी जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचे ‘निपुण भारत’ अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले आणि त्यापाठोपाठ प्राथमिक शिक्षकांसाठी ‘निष्ठा 3.0’ हे ऑनलाइन प्रशिक्षण ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवर आले. त्यात एकूण 12 कोर्स होते. अध्ययन, अध्यापन आणि मूल्यमापनात माहिती तंत्रज्ञानाचा वापर हा त्यांपैकी एक आणि बहुभाषिक शिक्षण हा दुसरा. हे दोन मला सर्वांत मोलाचे वाटले. नोंदणी, व्हिडिओ, स्वाध्याय यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पोडावर नेटवर्क धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले तरच मिळते, म्हणून तालुक्याला गेले की मी पुढचे घटक मोबाइलमध्ये डाउनलोड करून आणत असे आणि रात्री घरी पाहत असे. असे केल्यास पुन्हा नेटवर्कमध्ये आल्यावर ॲप उघडून झालेली प्रगती वर चढली आहे की नाही हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेवटच्या चाचणीत प्रमाणपत्रासाठी 70 टक्के गुण लागतात आणि संधी तीनच असतात; तेव्हा ती चाचणी घाईत, शाळा सुटण्याच्या वेळी देऊ नये.

खरी अडचण प्रमाणपत्रे हातात आल्यानंतर सुरू झाली. प्रमाणपत्रावर प्रोफाइलमधील नाव उमटते. आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, सर्व शिक्षकांची खाती एका शिबिरात घाईघाईने तयार करण्यात आली होती आणि माझ्या खात्यावर फक्त नाव व आडनाव घातले गेले होते. सेवापुस्तकात मात्र आडनाव, नाव आणि पतीचे नाव अशी पूर्ण नोंद आहे. तालुका कार्यालयात सेवेच्या नोंदी पाहणाऱ्या आस्थापना टेबलावरच्या बाबूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बोटाने एकेक शब्द जुळवला आणि म्हणाले, “मॅडम, हे नाव तं जुळत नाही. हे प्रमाणपत्र तुमचंच हाय हे मी कसं समजू?”

प्रत्येक प्रमाणपत्रावर क्यूआर कोड छापलेला असतो आणि तो स्कॅन केला की प्रमाणपत्र खरे असल्याची खातरजमा जागेवर होते. त्यांचा मोबाइल टेबलावरच होता. मी विनंती केली की एकदा स्कॅन करून पाहा. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि सांगितले की ते मोबाइलमधले इथे चालत नाही, रंगीत प्रत आणा, मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणा. ते घेऊन गेले, तर नाव दुरुस्त करून आणा असे सांगण्यात आले. प्रोफाइलमधील नाव मी बदलले. पण आधी निघालेल्या प्रमाणपत्रांवर जुनेच नाव राहिले. त्यावर शेवटी मागणी आली ती प्रतिज्ञापत्राची. कापूस वेचणीच्या दिवसांत आधीच निम्मी मुले आईवडिलांसोबत वावरात असतात. जी येतात त्यांचे दोन वर्ग एका शिक्षकावर सोडून मला तालुक्याला जावे लागत होते. बाहेरच्या बाकावर साहेबांची वाट पाहत बसले असताना पोडावर माझा वर्ग रिकामा आहे, ही गोष्ट मला आतून जाळत होती. ज्या प्रशिक्षणातून आम्ही क्यूआर कोड मुलांपर्यंत न्यायला शिकलो, त्याच प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावरचा कोड पाहण्यास कार्यालयाने नकार द्यावा, हे मला अजिबात मान्य नाही.

वाट सापडली ती आमच्या केंद्रप्रमुखांमुळे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी राज्य शासनाच्या 9 मार्च 2015 च्या निर्णयाची आठवण करून दिली. प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वयंसाक्षांकित, म्हणजे स्वतःच सही केलेल्या, प्रती स्वीकाराव्यात, असे तो निर्णय सांगतो. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र आवश्यक असेल तेथे मात्र ते द्यावे लागते. प्रशिक्षणाच्या नोंदीसाठी असा कोणताही कायदा नाही. मी त्या निर्णयाची प्रत काढली, दोन्ही नावे माझीच असल्याचे स्वयंघोषणापत्र लिहिले, मुख्याध्यापकांचा दाखला जोडला आणि सर्व बारा प्रमाणपत्रांच्या स्वयंसाक्षांकित प्रतींसह अर्ज आवक टेबलावर दिला. अर्जाच्या शेवटी एवढेच लिहिले की ही कागदपत्रे अमान्य असल्यास कोणत्या नियमाने अमान्य आहेत हे मला लेखी कळवावे. पोच घेतली, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घेतली. तोंडी नकार देणारे टेबल लेखी नकार देत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. त्यानंतर कोणी प्रतिज्ञापत्र मागितले नाही आणि नोंद झाली. सेवापुस्तकात ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही.

म्हणूनच माझी पहिली सूचना, जी खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती, ती अशी की कोणताही कोर्स सुरू करण्यापूर्वी प्रोफाइलमधील नाव सेवापुस्तकाप्रमाणे अक्षरशः जुळवून घ्यावे. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी तर नक्कीच. कोर्समध्ये सामील होताना आपली माहिती राज्याला देण्याबाबत संमती विचारली जाते, ती द्यावी, अन्यथा राज्याच्या यादीत आपले नाव दिसण्यात अडचण येते. प्रमाणपत्र आले की लगेच डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे घरच्यांनीही विचारले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते; तेव्हा हे प्रशिक्षण काही शेवटचे नव्हते आणि प्रत्येक वेळी याच टेबलावर अडायचे नसेल तर एकदा प्रश्न धसास लावणे भाग होते. दुसरे कारण माझ्या वर्गातले आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे आणि पहिलीत येणारे मूल घरी कोलामी बोलते. प्रशिक्षणातून कल्पना घेऊन मी मुलांच्या आजीकडून शेतातल्या आणि घरातल्या वस्तूंची कोलामी नावे मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित केली, प्रत्येक वस्तूचा फोटो काढला आणि लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर फोटो, आजीचा आवाज आणि त्याखाली मराठी शब्द असे एकत्र दाखवले. जी मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती, ती आजीचा आवाज ऐकताच उठून टीव्हीजवळ गेली आणि आजीच्या आधीच पुढच्या वस्तूचे नाव सांगू लागली. सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ हे शिक्षकांसाठीचे जागतिक पारितोषिक मिळाले, ते जिल्हा परिषदेच्या शाळेतच काम करत असताना. पोडावरच्या शाळेतही असे काम उभे राहू शकते याबद्दल मला शंका नाही.

पुढच्या कोर्सची नोंदणी मी केली आहे. पोच घेतलेला अर्ज, स्वयंघोषणापत्र आणि त्या शासन निर्णयाची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे, आणि आमच्या केंद्रातील ज्या शिक्षिकांची नावे अशीच अडली आहेत त्यांना मी त्या अर्जाचा नमुना देत आहे.