तुम्ही विचारलंत म्हणून: हा सोललेला माणूस कोण?

आषाढ संपत आला की बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात गिऱ्हाइकं मूर्ती सांगायला येतात, आणि आधी बघतात कोपऱ्याकडं. तिथं फळीवर दोन फुटी प्लास्टरचा माणूस उभा आहे. अंगावर कातडं नाही, स्नायू न् स्नायू उघडा, उजवा हात पुढं केलेला. “इदेन री?” कुणी कानडीत विचारतं, म्हणजे हे काय हो? कुणी म्हणतं, “ओ मामा, देवाच्या जागेत हे भूत कशाला?” लहान पोरं मात्र एकच विचारतात, “हा कोण?”

‘कशाला’चं उत्तर सोपं आहे. सुरुवातीच्या काळात मी एक नाचरा गणपती केला होता. सोंड, दागिने, आखणी सगळं झकास, पण बघणाऱ्याला वाटायचं, आता पडतोय. एका पायावर भार दिला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं; मी ते खाली दाबलं होतं. एवढ्या पोटाखाली हाड कुठलं दिसायला? पण चुकलं की दिसतं. कोल्हापुरात शिकलो तिथं हा पुतळा मोडीत निघाला होता, तो मागून आणला. तुटलेली करंगळी शाडूनं जोडली.

मूळ पुतळा ज्याँ-आंत्वान ऊदाँचा, १७६७ सालचा. पंचविशीतला हा फ्रेंच शिल्पकार रोममध्ये शिकत होता. सेंट जॉनच्या पुतळ्याचं काम मिळालं, म्हणून इस्पितळात शवविच्छेदन बघायला जायचा. हा माणूस म्हणजे त्या संताची तयारी. संत मागं राहिला आणि तयारीच्याच प्रती कलाशाळांतून पोचल्या.

‘कोण’ मात्र अडचणीचं. त्या काळी कलावंतांपुढं येणारी शरीरं बहुतेक गरिबांची, नाहीतर फाशी गेलेल्यांची. लंडनच्या रॉयल अकादमीत १७७६ साली अशाच एकाला सोलून, मरणाऱ्या योद्ध्याच्या प्राचीन पुतळ्यासारखं बसवून त्याचा साचा काढला. तो स्मगलर होता म्हणे, म्हणून नाव ठेवलं ‘स्मगलेरियस’. विद्वानांची ही लॅटिन थट्टा मला कधीच पचली नाही. १८०१ साली तर जेम्स लेग या म्हाताऱ्या सैनिकाला खुनासाठी फाशी झाल्यावर त्याचं प्रेत क्रुसावर ठोकलं. चित्रांतला ख्रिस्त बरोबर लटकतो का, एवढंच तीन चित्रकार-शिल्पकारांना बघायचं होतं. तो साचा अजून आहे.

प्रेत टिकत नाही, म्हणून मेण आलं. फ्लॉरेन्समध्ये मेणाची एक बाई निजलेली आहे, गळ्यात मोत्यांची माळ, आणि पोटाचं झाकण उचललं की आतडी. गोकाकच्या लाकडी आंब्याला फसणाऱ्या आपल्या लोकांनी ती बघायला पाहिजे.

आपल्याकडं सुश्रुतानं सांगून ठेवलंय: प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवा, मग वाळ्याच्या कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर बघा. पण मूर्तिकार गेला तालमानाच्या वाटेनं, चेहऱ्याच्या मापानं अख्खं अंग मोजत. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, १२०४ सालच्या जैन मंदिरात, नेमिनाथ तीर्थंकरांची मूर्ती बघा. एक स्नायू उठलेला नाही, तरी दगड श्वास घेतोय असं वाटतं. मला दोन्ही लागतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती न्यायला झुंबड उडते, तेव्हा बायको त्या माणसावर टॉवेल टाकते. गिऱ्हाइकांसाठी नव्हे. म्हणते, “किती जणांनी बघायचं त्याला?”