विदर्भातल्या घराला कमानीची, गोल किंवा तिकोनी खिडकी बसवताना

गोल, कमानीच्या, तिकोनी अशा वेगळ्या आकाराच्या खिडक्यांबद्दल नेटवर जे सापडतं, त्यातलं बरंचसं समुद्रकाठच्या घरांसाठी लिहिलेलं असतं. खारी हवा, गंजणारे स्क्रू, चक्रीवादळ. ते वाचून यवतमाळ-वर्ध्याकडचा माणूस दुकानात जातो आणि 316 ग्रेडचं स्टेनलेस मागतो. त्या स्टीलमध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं ते मिठाला तोंड देण्यासाठी. मालवण-दापोलीला ते पैसे वसूल होतात, आपल्याकडे 304 च्या बिजागऱ्या आणि स्क्रू पुरतात. मिठाचा धडा सोडून द्या.

वाऱ्याचा मात्र सोडू नका. आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात शहरवार वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. मुंबईसाठी तो 44 मीटर प्रति सेकंद आहे आणि नागपूरसाठीही 44 च, पुण्याला 39. 44 च्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण 118 किलो येतो. घराची उंची, आजूबाजूची झाडं आणि घरं यावर तो कमीजास्त होतो, पण शेतात एकट्या उभ्या घराला आडोसा कसला? अवकाळीत टिनं उडतात ती याच वाऱ्यानं. तेव्हा 'समुद्र नाही, 4 मिलिमीटरची साधी काच चालून जाईल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता आकाराचं. आमचं मत सरळ आहे: वेगळा आकार वर ठेवा आणि बंद ठेवा, उघडायची खिडकी खाली आणि चौकोनीच असू द्या. कारण कुलर. विदर्भात उन्हाळ्याचे तीन महिने खिडकीचं पहिलं काम कुलरला तोंड देणं हेच असतं आणि कुलरचं तोंड चौकोनी असतं. गोल खिडकीत तो बसत नाही, कमानीत बसवला तर वरची पोकळी पुठ्ठ्यानं नाही तर थर्माकोलनं बुजवावी लागते, मग त्या कमानीचा उपयोग काय? शिवाय कुलरनं आत ढकललेली ओली हवा बाहेर जायला समोरच्या भिंतीत वाट लागते, नाहीतर तासाभरात खोली गारही राहत नाही आणि अंग चिकट होतं ते वेगळंच. गोल खिडकी हौसेनं बंद काचेची केलीत, तर हवेसाठी जाळीचं वेगळं व्हेंटिलेटर, निदान दोन फूट बाय एक फुटाचं, काढून ठेवा. गोल पल्ला मधल्या खिळीवर फिरवून उघडणारा करतात, दिसतो छान, पण त्याच्या कडेनं पाणी येतं आणि त्याला मच्छरजाळी बसवायची सोयच उरत नाही.

कमानीच्या खिडकीला यातून सोपी वाट आहे. कमान जिथून वळायला लागते त्या उंचीवर एक आडपट्टी टाका. वरचा अर्धगोल कायमचा बंद, खाली नेहमीचे दोन पल्ले. खालचा भाग गावातलाच वाढई किंवा वेल्डिंगवाला करतो, दुरुस्तही तोच करतो. बाहेरून फक्त वरचा तुकडा मागवावा लागतो.

दिशेचं गणित आपल्या अक्षांशावर पक्कं आहे. नागपूर 21 अंश उत्तरेला. मेच्या अखेरीस दुपारी बाराला सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर भर उन्हाळ्यात थेट ऊन फारसं पडतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी 45 अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत येतो, जे हवंच असतं. खरी वैरी पश्चिम. मेमध्ये चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण 34 अंशांवर, जवळपास थेट पश्चिमेला असतो. दोन फुटी सज्जाची सावली तेव्हा भिंतीवर जेमतेम सव्वा फूट उतरते. त्यात कमानीवरचा सज्जा कमानीच्या टोकाच्याही वर अर्धा फूट असतो, म्हणजे काचेच्या वाट्याला पाऊण फूट सावली. पश्चिमेला मोठी कमान घेऊ नका. घ्यायचीच असेल तर चौकट भिंतीच्या आतल्या अंगाला बसवा, म्हणजे दीड विटेच्या भिंतीत बाहेर आठ-नऊ इंचांची खोली मिळते आणि ती स्वतःच थोडी सावली करते. उत्तर आणि पूर्व आकाराच्या खिडक्यांना सगळ्यात बऱ्या.

काळ्या जमिनीवर घर असेल तर एक अडचण जास्तीची. कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घर तिच्याबरोबर हलतं. भिंतीला तिरपी भेग पडते ती बहुतेक वेळा खिडकीच्या कोपऱ्यातून, कारण भिंत तिथेच कमजोर असते. चौकोनी खिडकीचा पल्ला अशा वेळी अडकतो, वाढई रंधा मारून मोकळा करतो. कमानीत घट्ट बसवलेली काच मात्र चिरते. प्लिंथ बीम (जोत्याच्या उंचीवरची काँक्रीटची तुळई) आणि सलग लिंटेल पट्टा (दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा काँक्रीटचा पट्टा) नसलेल्या घरात बंद काचेची मोठी कमान करूच नये. दोन फुटांपर्यंतचं गोल गवाक्ष फार तर. पाया नव्यानं घालणार असाल तर अशा जमिनीसाठी अंडर-रीम्ड पाइल म्हणजे तळाशी फुगीर केलेले खांब घालतात, ते इंजिनिअरला विचारा. आणि नवं घर असेल तर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, तोवर त्या जागी प्लायवूड ठोकून ठेवा, मग माप घ्या. वणी-घुग्घुसकडे खाणीच्या ब्लास्टिंगचे हादरे बसतात, तिथेही काचेभोवती मऊ रबर आणि मोकळी जागा हवीच.

कमान बांधताना मिस्त्रीला आधीच विचारा: विटांची खरी कमान की वर सपाट लिंटेल आणि खाली नुसता आकार? नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्याची कमान उभी आहे कारण तिचा रेटा घ्यायला दोन्ही बाजूंना अवाढव्य बांधकाम आहे. आपल्या नऊ इंची भिंतीत, घराच्या कोपऱ्यापासून दीड फुटावर खरी कमान केली तर ती कोपरा बाहेर ढकलते. म्हणून साध्या घराला वर सपाट आरसीसी लिंटेल, दोन्हीकडे किमान सहा इंच भिंतीवर टेकलेलं, आणि खाली विटांनी आकार दिलेला बरा. दिसायला फरक नाही.

गोल खिडकीसाठी खेड्यात एक चांगला जुगाड चालतो. शोषखड्ड्यासाठी सिमेंटच्या रिंगा मिळतात, त्यातली एक भिंतीत बसवायची. तिची उंची साधारण एक फूट, म्हणजे प्लास्टरसकट नऊ इंची भिंतीला थोडी बाहेर येते, तोच तिचा सज्जा. गोलाई एकसारखी मिळते, सेंट्रिंगचा खर्च वाचतो. पण रिंग म्हणजे लिंटेल नव्हे. वर लिंटेल टाकाच, रिंगेच्या दोन्ही बाजूंची पोकळी काँक्रीटनं ठासून भरा आणि रिंग बाहेरच्या बाजूला सेंटीमीटरभर उतरती ठेवा. गोल खिडकीत सगळं पाणी तळाच्या एका बिंदूवर जमा होतं आणि उतार नसला की तिथूनच घरात येतं.

तिकोनी खिडकी कवेलूच्या किंवा टिनाच्या उतरत्या छपराखाली बरी दिसते. तिथे कोन मोजत बसू नका, तिन्ही बाजूंच्या लांब्या मोजा. तीन लांब्या दिल्या की त्रिकोण एकच बनतो. 30 अंशांपेक्षा टोकदार कोपरा काचेला ठेवू नका, 10-15 मिलिमीटर टोक छाटून घ्या आणि तेवढा भाग चौकटीच्या पट्टीखाली लपवा. टोकदार कोपरा काच टफन (तापवून मजबूत) करायच्या भट्टीत किंवा वाटेतच टवका उडवून बसतो.

माप घेताना सर्वात जास्त पैसे बुडतात. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, घासता येत नाही, भोकही पाडता येत नाही. पाच मिलिमीटर जास्त झाली की ती गेली. प्लास्टर पूर्ण झाल्याशिवाय माप नाही, हा पहिला नियम. कमानीसाठी तीन आकडे हवेत: रुंदी, सरळ भागाची उंची आणि कमानीचा उठाव (सरळ भागाच्या वर मधोमध कमान किती चढते ते). त्यांवरून त्रिज्या निघते. रुंदीचा वर्ग भागिले उठावाची आठपट, अधिक उठावाचा निम्मा. रुंदी 1200 मिलिमीटर आणि उठाव 300 असेल तर 1440000 भागिले 2400 म्हणजे 600, त्यात 150 मिळवले की त्रिज्या 750. हा हिशेब काचवाल्याला द्या, पण त्यावर विसंबू नका, कारण मिस्त्रीची कमान कागदावरच्या कमानीसारखी कधीच नसते. 6 मिलिमीटरच्या प्लायवूडचा फर्मा कापा, चौकटीत धरून बघा, जिथे अडकतो तिथे घासा. फर्म्यावर मोठ्या अक्षरात 'वर' आणि 'बाहेर' लिहा. डावीउजवी बाजू एकसारखी नसते, आणि फर्मा उलटा धरून कापलेली काच चार मिलिमीटरनं चुकते. काच फर्म्यापेक्षा चहूबाजूंनी 3 मिलिमीटर लहान मागवा आणि फर्मा सोबतच पाठवा. नुसत्या व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर काम देऊ नका. काच आली की फर्मा परत आणून जपून ठेवा, फुटली तर त्याच मापाची पुन्हा मागवता येते.

भाव ऐकताना लक्षात घ्या, काचवाले आकार ज्या चौकोनात बसतो त्या चौकोनाचे पैसे लावतात. 4 बाय 2 फुटांचा अर्धगोल प्रत्यक्षात 6.28 चौरस फूट, पैसे 8 चे. यात फसवणूक नाही, उरलेली काच वाया जातेच. जाडी 5 किंवा 6 मिलिमीटर, टफन केलेली. साधी काच अर्धी उन्हात, अर्धी सज्जाच्या सावलीत राहिली की कडेपासून तडकते आणि कमानीच्या काचेवर सावली नेमकी अशीच वाकडी पडते. टफन काच साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत, ही भीती तिला राहत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर तोही फरक दिसतो.

चौकटीसाठी लोखंड, साग, ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) असे चार पर्याय. खेड्यात लोखंड सगळ्यात सोयीचं: रोलरवर अँगल वाकवला की कमान तयार, ग्रिलही त्यातच. वानरांचा त्रास असलेल्या गावात 12 मिलिमीटरचे चौकोनी गज, मधली फट चार इंचांच्या आत. वेल्डिंगच्या सांध्यावरची पापडी घासून काढल्यावरच प्रायमर मारा. पापडीवर मारलेला रंग दोन पावसाळ्यांत सुटतो. बल्लारशाचा साग जवळ मिळतो हे आपलं भाग्य, पण अर्धगोल एका फळीतून कापू नका. वळणावर रेषा आडव्या येतात आणि लाकूड तिथेच मोडतं. चार-पाच पाकळ्या जोडून, दोन थरांत, एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही असं करायला सांगा. लाकूड बरंच वाया जातं, ते धरून घनफूट मोजा. यूपीव्हीसी गरम करून साच्यावर वाकवतात, ते शहरातल्या कारखान्यातच होतं. तापमानात 45 अंशांचा फरक पडला की दीड मीटर यूपीव्हीसी जवळपास पावणेपाच मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम दीड, काच अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेला गडद रंगाचं यूपीव्हीसी म्हणून नकोच, पांढरं घ्या.

बसवताना काच थेट चौकटीवर टेकवू नका. गोल काच घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी ठेवलेल्या दोन रबरी गुटक्यांवर बसते. तळाच्या एकाच बिंदूवर सगळं वजन आलं की चीर तिथूनच सुरू होते. खालच्या पट्टीत पाणी निघायला दोन भोकं ठेवा आणि रंगारी ती बुजवत नाही याकडे लक्ष द्या. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक, ते लोखंडाला आणि सिमेंटला मानवत नाही. भर दुपारी तापलेल्या चौकटीवर ते लावू नका, सकाळी लावा. फटीत फोम भरला असेल तर त्यावर प्लास्टर किंवा पट्टी हवी, उघडा फोम उन्हानं पिठासारखा झडतो.

शेवटचे पैसे देण्याआधी पाइप लावून बाहेरून पाणी मारा. सुरुवात खालच्या कडेपासून, पाच मिनिटं. मग दोन्ही बाजू, मग कमानीचं टोक. आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे पसरतं आणि गळती कुठली ते कळत नाही.