तारेवरचा कोतवाल आणि दुर्बिणीची परीक्षा

पक्षीनिरीक्षणासाठी दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ, असे वर्षातून चार-पाच जण तरी मला विचारतात आणि प्रत्येकाची पहिली शंका एकच असते: किती पटीची? बारा वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घेऊन एका दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने २० × ५० (म्हणजे वीसपट वर्धन आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर) दुर्बीण हातात ठेवली, समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला सांगितली, पाटी स्वच्छ वाचता आली आणि मी पैसे मोजले. पुढच्याच रविवारी भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगावहून होडीत बसल्यावर, तिच्यातून मला रोहित पक्ष्यांचा थवा दिसलाच नाही. दिसला तो गुलाबी रंगाचा एक थरथरणारा पट्टा.

थरथर अर्थातच माझ्या हाताची होती, वीसपट मोठी झालेली. पण ती दुर्बीण ट्रायपॉडवर लावून पाहिल्यावरही जे समाधान मिळाले नाही, त्याचे कारण शोधण्यात पुढची काही वर्षे गेली.

पाटी वाचता येणे ही मुळात परीक्षाच नव्हे. भर दुपारी पांढऱ्यावर काळी अक्षरे साधारण दुर्बिणीतूनही सुरेख दिसतात. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा वेगळा कळतो. आठपट वर्धनाने तो साडेसात विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येतो, तर ४२ मिलिमीटर व्यासाच्या उत्तम भिंगाची सैद्धांतिक क्षमता तीन विकलांच्याही खाली असते. म्हणजे भरपूर उजेडात, चित्राच्या मध्यभागी, बऱ्यापैकी बनवलेली कोणतीही दुर्बीण आपल्या डोळ्याच्या पुढेच असते. चांगल्या आणि सुमार दुर्बिणीतला फरक इतरत्र, विशेषतः उजेड अडचणीचा असेल तेव्हा, उघडा पडतो.

म्हणून मी आता दुर्बीण घेऊन दुकानाबाहेर येतो आणि विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल शोधतो. कोतवाल नसेल तर कावळाही चालतो. पांढुरक्या आकाशावर काळा पक्षी, यापेक्षा कठोर परीक्षक मिळणे अवघड. भिंगातून जाताना निळा आणि तांबडा प्रकाश सारखा वळत नाही, त्यामुळे पक्ष्याच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवट किनार उमटते. मध्यभागी ही किनार जवळजवळ नसावी; पक्षी हळूहळू कडेकडे नेला की ती थोडी वाढणारच, कमी अपस्करणाच्या, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या, काचेची भिंगे असली तरी. मात्र मध्यावरच जांभळी रेघ दिसत असेल, तर कोतवालाच्या पाठीवरची निळसर झाक खरी की भिंगाची, हे कधीच सांगता येणार नाही.

त्याच कोतवालाकडे दुसऱ्या कारणासाठीही पाहावे. तो काळा दिसतो, की करडा? काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग, त्यावर लेप नसेल तर, सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग सहज असतात, म्हणजे हिशेबाने एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. त्याहून वाईट हे की परतलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो नळीत इकडेतिकडे आपटत राहतो आणि चित्रावर धुरकट पडदा धरतो. १९३५ साली येना येथे झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या लेपाची पद्धत काढली, तिचे महत्त्व मला भिगवणच्या सकाळी समजले. सूर्य समोरून, पाणी चकाकते आहे आणि चिखलाच्या काठावर एक तुतारी, म्हणजे चिखलात चरणारा छोटा पाणपक्षी, उभी आहे. ती हिरवी तुतारी की ठिपकेवाली, हे ठरवताना पाठीवरचे ठिपके आणि भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, पाहायची असते. ठिपकेवालीची फिकट भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची पुढेच संपते. माझ्या जुन्या दुर्बिणीत पक्षी मोठा होता, पण भुवई त्या धुरकट पडद्यात विरून गेली होती. शेजारच्या काकांच्या ८ × ४२ मध्ये पक्षी लहान दिसला आणि भुवई दिसली. धुरकटपणाची ही परीक्षा करताना सूर्याच्या दिशेला असलेल्या झाडाच्या सावलीतल्या भागाकडे पाहावे, सूर्याकडे मात्र चुकूनही नाही.

युरोपात शिकारीच्या दुर्बिणी आणि रायफलवरचे स्कोप विकताना एक 'संधिप्रकाश अंक' छापण्याची चाल आहे. वर्धन आणि भिंगाचा व्यास यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढायचे. ८ × ४२ चा हा अंक १८.३ येतो आणि माझ्या २० × ५० चा ३१.६! या सूत्रात काचेची प्रत, लेप, लोलक (चित्र सुलटे करणारे आतले काचेचे ठोकळे) यांना काहीच स्थान नाही, त्यामुळे निकृष्ट दुर्बीणही उत्तम दुर्बिणीला कागदावर हरवते. मला त्यापेक्षा व्यासाला वर्धनाने भागून येणारा आकडा उपयोगी वाटतो, कारण डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी तीच असते: एकीकडे सव्वापाच मिलिमीटर, दुसरीकडे जेमतेम अडीच. संध्याकाळी बाहुली विस्फारते तेव्हा अडीच मिलिमीटरचा झोत तिला अपुरा पडतो. अर्थात पन्नाशीनंतर बाहुली तरुणपणीइतकी उघडत नाही, त्यामुळे माझ्या वयाच्या माणसाने सात मिलिमीटरच्या झोतासाठी ७ × ५० चे ओझे गळ्यात वागवण्यात फारसा अर्थ नाही.

हा झोत प्रत्यक्ष पाहताही येतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखली की नेत्रभिंगात दोन प्रकाशमान चकत्या दिसतात. त्या पूर्ण गोल हव्यात. कडा करड्या होऊन चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर बहुधा आतल्या लोलकांची काच हलक्या प्रतीची आहे.

कडेच्या अस्पष्टतेचा मात्र उगाच बाऊ केला जातो, असे माझे मत आहे. आपण पक्षी मध्यावर आणूनच पाहतो. कडेला नेलेली पाटी पुन्हा फोकस केल्यावर स्पष्ट होत असेल तर तो केवळ दृश्यपटलाचा बाक आहे, म्हणजे मध्य आणि कडा एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत इतकेच, आणि त्याची सवय होते. कितीही फिरवून स्पष्ट होत नसेल तर दोष भिंगाचा आहे. दोन्ही नळ्या एका रेषेत नसणे ही गोष्ट यापेक्षा कितीतरी गंभीर, कारण मेंदू दोन चित्रे ओढूनताणून जुळवत राहतो आणि दहा मिनिटांत कपाळ दुखू लागते. म्हणून दुकानात दहा मिनिटे तरी सलग पाहावे, विक्रेता घड्याळाकडे बघत असला तरी. शिवाय एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन नगांतही नळ्यांच्या जुळणीत फरक निघतो. 'हा डिस्प्लेचा आहे, आतून सीलबंद देतो' असे कोणी म्हणालेच, तर नम्रपणे नकार देऊन, आपण पाहिलेला नगच बांधून घ्यावा.